वारशाचा निधी जिल्ह्यातून हलवू नका

गेली काही वर्षं एक मागणी वरचेवर कानावर येते आहे. ती करणारे बहुतेक जण जाणते आहेत, गडकोटांवर पाय झिजवलेले आहेत, आणि त्यांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मागणी अशी, की गड, किल्ले, देवळं, बारवा यांच्या जतनासाठी जिल्ह्याला मिळणारा पैसा जिल्हा नियोजन समितीच्या हातून काढून घ्यावा आणि राज्य पातळीवर तज्ज्ञांचं एक प्राधिकरण नेमून त्याच्या स्वाधीन करावा. समितीत पुढारी बसतात, पुढाऱ्यांना वारसा कळत नाही, त्यांच्या हाती पैसा पडला की पायथ्याला स्वागत कमान उभी राहते आणि वर तटबंदी ढासळतच राहते, असा हा युक्तिवाद. ऐकायला बिनतोड वाटतो. मला तो पटत नाही. कमान उभी राहते हे खरं. पण ती का उभी राहते, हे या मंडळींनी नीट तपासलेलं नाही.

आधी पैशाचं बोलू. जिल्हा वार्षिक योजनेच्या सर्वसाधारण भागातून ३ टक्क्यांपर्यंत रक्कम गड, किल्ले, मंदिरं आणि महत्त्वाची संरक्षित स्मारकं यांच्या संवर्धनासाठी बाजूला काढायची, असं राज्य सरकारने ठरवून दिलं आहे. टक्का लहान दिसतो. पण एखाद्या जिल्ह्याची योजना ३०० कोटींची धरली तर ३ टक्के म्हणजे ९ कोटी होतात, आणि तेही दरसाल. ज्या गावाने आपल्या बारवेसाठी आजवर वर्गणीशिवाय दुसरा पैसा पाहिला नाही, त्याच्या दृष्टीने ही रक्कम थोडी नाही. म्हणूनच तिच्यावर सगळ्यांचा डोळा आहे: कंत्राटदारांचा आहे, पुढाऱ्यांचा आहे, आणि ही मागणी करणाऱ्या माझ्या मित्रांचाही आहे.

कमानीचा आरोप मी नाकारत नाही, उलट त्यात भर घालतो. मराठवाड्यातल्या एका गावी देवळासमोर तीन वीरगळ उभे होते. वीरगळ वाचायचा तो खालून वर. तळाच्या चौकटीत लढाई, बहुधा गावच्या गाई सोडवण्यासाठी झालेली. मधल्या चौकटीत पडलेल्या वीराला अप्सरा वर नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. देवळाला जिल्हा नियोजनमधून सभामंडप मंजूर झाला. मंडपाचा ओटा वाढवताना कंत्राटदाराने वीरगळ उपटून फेकले नाहीत, एवढं त्याचं सौजन्य. त्याने ते जागच्या जागी ठेवून भोवती काँक्रीट ओतलं. आता तिन्ही दगडांवर अप्सरा दिसतात, शिवलिंग दिसतं, लढाई मात्र ओट्याच्या पोटात गेली आहे. उरलेल्या भागावर केशरी ऑइलपेंटचे दोन हात. हे वीर कशापायी मेले, ते दगडावरून कळायची सोय आता राहिली नाही. कामाच्या फलकावर लिहिलं होतं, ‘मंदिर परिसर सुशोभीकरण’. पैसा आला होता संवर्धनाच्या नावाने.

तर हे कुणी ठरवलं? समितीने?

जिल्हा नियोजनची बैठक ज्याने आतून पाहिली आहे तो हसेल. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. विषयपत्रिका वर्षानुवर्षं तीच: मागच्या इतिवृत्ताला मंजुरी, झालेल्या खर्चाचा आढावा, पुढच्या वर्षाचा प्रारूप आराखडा, आयत्या वेळचे विषय. दोन-तीन तासांत शेकडो कोटींचा आराखडा हातावेगळा होतो, आणि त्यातलाही बराच वेळ जळालेल्या ट्रान्सफॉर्मरवर, पीकविम्यावर आणि एकमेकांवर जातो. समिती मंजूर करते ती रक्कम, तीही लेखाशीर्षनिहाय. त्या रकमेतून कुठल्या बुरुजाला हात घालायचा, कुठल्या बारवेचा गाळ काढायचा, याची तिथे चर्चाच होत नाही. ते ठरतं पत्रांवर. आमदारांचं पत्र, माजी आमदारांचं पत्र, पक्षाच्या तालुकाध्यक्षाने खटपट करून मिळवलेलं पत्र. गावचे चार तरुण अर्ज घेऊन गेले की त्यांना पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते ‘साहेबांचं पत्र आणा’. पत्रांची यादी होते, यादीवर पालकमंत्र्यांच्या खुणा होतात, मग यंत्रणेकडून अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, आयपास या संगणकीय प्रणालीवर प्रस्ताव, जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. या साखळीत ज्या दगडावर पैसा खर्च व्हायचा तो दगड कुणी पाहून आलं का, हा प्रश्न एकाही टप्प्यावर विचारला जात नाही. अंदाजपत्रक करणारा शाखा अभियंता पाहून येतो. पण तो मोजमाप घ्यायला गेलेला असतो आणि सभामंडपाचं मोजमाप घेऊनच परततो.

समितीने चुकीचं ठरवलं, हा आरोप म्हणूनच मला लागू वाटत नाही. समितीने ठरवलंच नाही. आणि जिने ठरवलंच नाही तिच्याकडून ठरवण्याचा अधिकार काढून घ्या, ही मागणी चोराला सोडून संन्याशाला सुळी देण्यातली आहे.

ही समिती काही पालकमंत्र्यांच्या मर्जीने जन्माला आलेली नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने घटनेत २४३-झेडडी हे कलम आलं, त्यातून ती आली. महाराष्ट्राने १९९८ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. घटनेने दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. पंचायती आणि नगरपालिका आपापल्या योजना करतील आणि समिती त्या एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा बनवेल, ही पहिली. समितीच्या दर पाच सदस्यांतले किमान चार जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातूनच निवडलेले असतील, ही दुसरी. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत. त्यात सांस्कृतिक कार्य आहे, आणि एकोणतिसावा, शेवटचा विषय आहे सामुदायिक मालमत्तेची देखभाल. गावची बारव ही सामुदायिक मालमत्ता नव्हे तर मग काय आहे?

आता प्रत्यक्षात काय घडलं ते पाहा. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, निवडणुका लांबल्या, प्रशासक आले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला ‘चार महिन्यांत निवडणुका घ्या’ असं सांगावं लागलं. तरी नगरपरिषदांच्या मतदानाला डिसेंबर उजाडला. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ बहुतेक जिल्ह्यांत ज्या चार-पंचमांश खुर्च्यांसाठी ही समिती घटनेत आली त्या खुर्च्यांवर बसायला माणूसच नव्हता. उरले कोण? पालकमंत्री, जिल्हाधिकारी, आणि नामनिर्देशित किंवा निमंत्रित म्हणून आलेले आमदार-खासदार. ज्या कमानी आणि सभामंडप माझे मित्र पुरावा म्हणून दाखवतात, ते बरेचसे याच निर्नायकी काळातले आहेत. ही समितीची कामगिरी म्हणायची की समिती नसल्याची?

उलट बाजूचंही एक सांगतो. ‘लोकनियुक्त समिती ठरवते, ही लोकशाही आहे, तुम्ही शहरी लोक मध्ये बोलू नका’ असं सत्तेतली मंडळी या तीन वर्षांत छातीठोकपणे म्हणत होती. लोकनियुक्त सदस्य एकही नसताना. त्यांना उत्तर देण्यात मी जागा घालवत नाही.

यावर माझे मित्र म्हणतील, बरं, सदस्य आले. फरक काय पडणार? जिल्हा परिषदेचा सदस्यही कमानच मागणार. गावाला वारसा कळत नाही, ही खरी अडचण आहे.

हा त्यांच्या म्हणण्यातला सगळ्यात कच्चा भाग, आणि मला सगळ्यात जास्त खटकणारा. रत्नागिरी तालुक्यात उक्शी नावाचं गाव आहे. तिथल्या सड्यावर जांभ्यात कोरलेला हत्ती आहे, अगदी भव्य. त्याच्याभोवती संरक्षक भिंत घालायचं आणि तो वरून नीट पाहता यावा अशी सोय करायचं काम गावाने, ग्रामपंचायतीने पुढे होऊन केलं. पुढे २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात उक्शी आहे. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातलं वालूर घ्या. चक्राकार पायऱ्या उतरत जाणारी तिथली बारव कचऱ्याने बुजली होती; ती गावकऱ्यांनी हाताने मोकळी केली. महाशिवरात्रीला राज्यभरातल्या बारवांवर दिवे लावण्याची जी रीत अलीकडे रुजली आहे, ती कुठल्या खात्याच्या परिपत्रकाने रुजलेली नाही. सह्याद्रीतल्या गडांवर शनिवार-रविवारी पाण्याची टाकी उपसणारी पोरं आसपासच्या तालुक्यांतली, त्यांच्या पाठीला ना मानधन ना ओळखपत्र. गावाला कळत नाही असं म्हणणाऱ्याने आधी या जागी एक रविवार घालवावा.

आणि सरकारच्या वरच्या मजल्याला कळतं का? बारसूचा सडा त्याच २०२२ च्या यादीत आहे. यादी सरकारनेच पाठवलेली. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा इथे कातळशिल्पं आहेत याची आठवण करून देणारे स्थानिकच होते. मालवणचं उदाहरण तर माझे मित्र स्वतःच देतात, आणि ते त्यांच्याच अंगावर उलटतं. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही पुरते झाले नव्हते. तो कुठल्या ग्रामपंचायतीने मागितला होता? नौदल आणि राज्य सरकार, म्हणजे देशातल्या सर्वांत सुसज्ज यंत्रणांपैकी दोन, त्यामागे होत्या. अनावरणाला पंतप्रधान होते. निर्णयाची जागा जितकी उंच तितका निर्णय शहाणा, असं समीकरण कुणी मांडत असेल तर त्याने मालवणला जाऊन यावं.

तज्ज्ञांबद्दल मला आदर आहे. पुरातत्त्व खात्यात तुटपुंज्या पगारावर आणि त्याहून तुटपुंज्या तरतुदीवर आयुष्य काढलेली माणसं मी पाहिली आहेत. पण तज्ज्ञ एकत्र बसले की वारसा आपोआप वाचतो, याला इतिहासाचा आधार नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ही या क्षेत्रातली देशाची सर्वोच्च संस्था. २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालात असं निघालं, की तिच्या यादीतली ९२ स्मारकं जागेवर सापडतच नाहीत. पुढे शोधाशोध झाली, बरीच मिळाली, काही शहरांच्या वाढीत तर काही धरणांच्या पाण्यात गेल्याचं कळलं. २४ मात्र कुठे आहेत याचा थांगच लागला नाही. त्या चोविसांत महाराष्ट्रातलं काय होतं? पुण्यातलं एक जुनं युरोपीय थडगं आणि आगरकोटचा एक बुरुज. बुरुज! २०२४ मध्ये केंद्राने न सापडणारी १८ स्मारकं यादीतून वगळायला काढली, आणि विषय मिटवला. दिल्लीच्या फायलीतून बुरुज हरवू शकतो. गावातून तो हरवत नाही. पाडला गेला तर कुणी पाडला, दगड कुणाच्या जोत्याला लागले, हे गाव तीन पिढ्या सांगतं.

संख्येचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात केंद्र संरक्षित स्मारकं २८० च्या वर, राज्य संरक्षित पावणेचारशेच्या आसपास. दोन्ही मिळून सातशेही भरत नाहीत. गावं चाळीस हजारांहून जास्त. ज्या गावात एक वीरगळ, एक सतीशिळा, एखादी पडकी गढी किंवा निदान एक बांधीव विहीर नाही असं गाव शोधायला दिवस मोडेल. मुंबईत बसलेलं प्राधिकरण यातलं काय पाहणार? ते पाहील बारा किल्ले. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी, त्यांच्याकडे आता सगळ्यांचंच लक्ष आहे आणि ते असायलाच हवं. रायगडासाठी वेगळं प्राधिकरण आहे, तेही योग्यच. पण साल्हेर-राजगडाला मिळणारा पैसा जिल्ह्याच्या या ३ टक्क्यांतून काढायचा, आणि मग परभणीच्या बारवेने मंत्रालयाच्या पायऱ्या चढायच्या, ही कसली सुधारणा? आज गावकऱ्याला आमदाराच्या पत्रासाठी तालुक्याला जावं लागतं. उद्या मुंबईला जावं लागेल.

इथवर मी फक्त प्रतिवाद केला. आता कमान का उभी राहते त्याकडे येतो. माझ्या मते पुढाऱ्यांची अभिरुची हे त्यामागचं दुय्यम कारण आहे. मुख्य कारण आहे मार्च महिना.

चुन्याचं काम ज्याने जवळून पाहिलंय त्याला हे लगेच कळेल. जुन्या दगडी बांधकामाला सिमेंट चालत नाही, हे आता कुठलाही होतकरू दुर्गप्रेमी सांगेल. का चालत नाही ते थोडक्यात असं, की सिमेंट घट्ट आणि अडेल असतं. भिंतीत मुरलेलं पाणी त्यातून बाहेर पडत नाही. ते मग दगडातून वाट काढतं, सोबत क्षार आणतं, आणि दगडाचेच पापुद्रे सुटू लागतात. कोकणातला जांभा तर मुळातच सच्छिद्र. तो सिमेंटने लिंपला की दर्जा (सांधे) शाबूत राहतात आणि दगड झिजतो. चुना मऊ असतो, श्वास घेऊ देतो, स्वतः झिजतो आणि दगड राखतो. पण चुना वेळ मागतो. चुनखडी भाजायची, कळीचा चुना पाण्यात विझवायचा, गाळायचा, मग तो मुरत ठेवायचा. दिवसांनी नव्हे, आठवड्यांनी मोजायचा काळ. मुरलेला चुना वाळू आणि विटांचा चुरा घालून घाणीत मळायचा. गडांवर फिरताना दगडी चाक आणि वर्तुळाकार चर दिसतो ना, तीच ही चुन्याची घाणी. त्यात बेलफळाचं पाणी, गूळ, हिरडा असं काय काय पडायचं, ते प्रांताप्रांतात आणि गवंड्यागवंड्यात वेगळं. भरल्यावरही तो हवेतून हळूहळू घट्ट होतो. तोवर ओली गोणपाटं लावून जपायचा. मुसळधार पावसात तो वाहून जातो, भर उन्हात तडकतो. सह्याद्रीच्या माथ्यावर चुन्याचा हंगाम म्हणजे पाऊस सरल्यापासून उन्हाळा चढेपर्यंतचे काही महिने.

आता याच्याशेजारी नियोजनचं वर्ष ठेवा. एप्रिलमध्ये आर्थिक वर्ष सुरू होतं, पण निधी हप्त्याहप्त्याने उतरतो. जून ते सप्टेंबर पाऊस. मध्येच कुठली ना कुठली आचारसंहिता. पत्रं, यादी, अंदाजपत्रक, मान्यता यांत दिवाळी होऊन जाते. कार्यारंभ आदेश हाती पडतो जानेवारी-फेब्रुवारीत, आणि ३१ मार्चच्या आत बिल निघालं पाहिजे. सहा-आठ आठवड्यांत चुना मुरतसुद्धा नाही. एवढ्यात काय होतं? पेव्हर ब्लॉक होतो. कमान होते. हायमास्ट दिवा होतो. शाखा अभियंत्याला यांचे दर पाठ असतात, कंत्राटदाराकडे माल तयार असतो, मोजमाप पुस्तिकेत नोंद करायला सोपं, आणि उद्घाटनाला दिसायला झकास. पुढाऱ्याला चुना आवडत असता तरी या वेळापत्रकात तो चुना लावू शकला नसता. (दुसऱ्या अर्थाने लावतात, ते वेगळं.)

याच वेळापत्रकात आणखी एक गोम आहे, पुनर्विनियोजनाची. ज्या कामाला खरंच पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, वनखात्याची जमीन असेल तर त्यांचीही लागते, ते काम मार्चपूर्वी मार्गी लागत नाही. मग वर्षअखेरीस त्याचे पैसे ‘अखर्चित’ म्हणून उचलून ज्या यंत्रणेत पटकन खर्च होतील तिथे वळवले जातात, बहुधा रस्त्यात. नियम पाळणाऱ्याचा पैसा जातो, आणि परवानगीविना सभामंडप ओतणाऱ्याला पुढच्या वर्षी टप्पा दोन मिळतो. माझ्या मित्रांचं प्राधिकरण आलं म्हणून यातलं काय बदलणार? त्याचंही वर्ष ३१ मार्चलाच संपणार, त्याचीही कामं बहुधा सार्वजनिक बांधकाम खात्याकडूनच होणार, निविदाही तीच मंडळी भरणार.

तेव्हा बदलायचं असेल तर हे बदला. वारशाच्या कामाला सुरुवातीपासूनच दोन किंवा तीन आर्थिक वर्षांची मान्यता द्या आणि त्याचा पैसा पुनर्विनियोजनाच्या कक्षेबाहेर ठेवा. पहिल्या वर्षी फक्त नोंद, मोजणी, छायाचित्रं, परवानग्या आणि चुना. बांधकामाला दुसऱ्या वर्षी हात. अनेक वर्षांची कामं नियोजनला नवी नाहीत, रस्त्यांचं आणि इमारतींचं दायित्व वर्षानुवर्षं पुढे ओढलं जातंच. योजनेच्या शीर्षात ‘मंदिरं’ सरसकट आहेत आणि स्मारकं मात्र ‘संरक्षित’च हवीत, हाही उलटा न्याय आहे. त्यामुळे कालपरवा बांधलेल्या देवळाचा सभामंडप त्यात बसतो आणि आठशे वर्षांची असंरक्षित बारव बसत नाही. जी वास्तू कुठल्याच खात्याच्या यादीत नाही तिच्यासाठीच तर जिल्ह्याचा पैसा हवा होता. सभामंडपाला माझा विरोध नाही. भजनाला छप्पर लागतंच. त्याच्यासाठी तीर्थक्षेत्रांच्या योजना आहेत, आमदार निधी आहे. तो तिथून बांधा.

तज्ज्ञांचं काय? त्यांची जागा घटनेनेच करून ठेवली आहे. त्याच २४३-झेडडी कलमात असं आहे, की आराखडा करताना समितीने राज्यपाल आदेशाने ठरवून देतील त्या संस्था आणि संघटनांचा सल्ला घ्यायचा. सल्ला. म्हणजे निर्णय निवडून आलेल्यांचा, पण पाहून आलेल्या माणसाचं मत ऐकल्यावर. हे कलम कामाला लावायचं तर नवं प्राधिकरण लागत नाही, नवा कायदा लागत नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग, जवळचं वास्तुकला महाविद्यालय, पुरातत्त्व खात्याचं विभागीय कार्यालय आणि त्या गडावर दहा वर्षं राबलेलं एखादं स्थानिक मंडळ, एवढ्यांनी मिळून जागेवर जाऊन पानभर टिपण लिहायचं. टिपण नसेल तर काम यादीत घ्यायचं नाही. समितीने टिपण धुडकावलं तरी चालेल, तो तिचा अधिकार आहे. मात्र का धुडकावलं ते इतिवृत्तात लिहावं लागेल, सदस्याच्या नावासकट.

हे कारण लिहून ठेवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते आपल्याकडे परकं नाही. शिलाहारांच्या काळातले गधेगळ कोकणात जागोजाग सापडतात. दान कुणी दिलं, काय दिलं, कुणाला दिलं, हे दगडावर कोरून तो दगड उघड्यावर उभा करायचे, आणि जो कुणी हे दान मोडेल त्याच्यासाठी खाली गाढवाचं ते प्रसिद्ध शिल्प. अक्षरं न वाचता येणाऱ्यालाही चित्र समजे. नऊशे-हजार वर्षांपूर्वी सार्वजनिक दानाची माहिती शिवेवर लावायची पद्धत होती; आज ९ कोटींचं वाटप कुणाच्या पत्रावर झालं हे कळायला माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा लागतो. शापाचं चित्र कुणी काढू नये, आचारसंहितेत बसणार नाही. पण बाकीचा मजकूर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागायला काय हरकत आहे: कामाचं नाव, शिफारस कुणाची, टिपण कुणाचं, सिमेंट की चुना, रक्कम किती?

शेवटचा आक्षेप मला आधीच माहीत आहे: पालकमंत्री हे होऊ देणार नाहीत. कदाचित नाही देणार. पण जे पालकमंत्री जिल्ह्यातलं एक साधं टिपण होऊ देणार नाहीत, तेच कोट्यवधींचं आख्खं शीर्ष मुंबईच्या तज्ज्ञांना आपण होऊन देऊन टाकतील, हे माझ्या मित्रांना कसं खरं वाटतं? त्यांच्या मार्गाने जायला मंत्रिमंडळाचा निर्णय लागतो. माझ्या मार्गाने जायला नव्याने निवडून आलेला एक सदस्य पुरतो, जो बैठकीत उठून विचारेल की या यादीतली कुठली जागा कुणी पाहिली आहे. तो सदस्य आपल्या गटातला, आपल्या ओळखीचा असतो. त्याला गाठायला मंत्रालयाचा पास काढावा लागत नाही.

तोवर एक काम आजच करता येण्यासारखं आहे. मुंबईला निवेदन नेण्याआधी प्रत्येकाने आपापल्या जिल्हा नियोजन कार्यालयात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज द्यावा आणि या शीर्षाखाली गेल्या तीन वर्षांत मंजूर झालेल्या कामांची यादी, शिफारसपत्रांच्या प्रतींसह मागवावी. त्या कामांत किती पोती सिमेंट लागलं आणि किती चुना, एवढा एक प्रश्न जोडायला विसरू नये.